सात जे अलॉय लावल्यावर टायर घासतोय? मापात गडबड नेमकी कुठे होते

सात जे, म्हणजे सात इंच रुंद अलॉय चाकं लावल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मागच्या सीटवर तिघं बसले आणि गाडी स्पीड ब्रेकरवरून उतरली की मागून खर्रकन आवाज येतो. पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग मारलं की पुढच्या लायनरला, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, काहीतरी घासतं. ऐंशी-नव्वदच्या वर स्टिअरिंग थरथरतं. पावसाळ्यात एकाच खड्ड्यात टायरला फुगा येतो. टायरच्या दुकानात यातल्या पहिल्या दोन्हींवर उपाय एकच मिळतो: "साहेब, एक साइज बारीक टाकू." बारीक टायर पडतो, पैसे जातात, आवाज थोडा कमी होतो. बंद मात्र होत नाही.

तो बंद होत नाही, कारण बहुतेक वेळा घासण्याचं मूळ टायरमध्ये नसतंच. ते रिमच्या रुंदीत आणि ऑफसेटमध्ये असतं. टायरचं माप ही या सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आपल्याकडे ती मधेच, दुकानात जो स्टॉक असेल त्यावर ठरते.

खालचे आकडे मी मारुती स्विफ्टवर मांडलेत. एकतर या गाडीला अलॉय लावणारे पुष्कळ, आणि दुसरं म्हणजे २०१८ ते २०२४ या पिढीत कंपनीनेच दोन मापं दिली होती: खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४, झेडएक्सआयला १८५/६५ आर१५. दुसरी गाडी असेल तर पद्धत तीच, आकडे तुमच्या गाडीचे घाला.

आधी चाकाची पाठ बघा

अलॉय काढून उलटं ठेवा. स्पोकच्या मागच्या बाजूला किंवा सेंटर कॅपच्या आत काही आकडे ओतलेले असतात, उदाहरणार्थ १६×७ जे, ईटी ३५, ४×१००. सोळा म्हणजे रिमचा व्यास इंचात. सात जे म्हणजे टायर जिथे टेकतो त्या दोन कडांमधलं अंतर, तेही इंचात. चार बोल्ट आणि शंभर मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), हे स्विफ्टला बसतं. उरला ईटी, म्हणजेच ऑफसेट. रिमच्या बरोबर मधल्या रेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी जितका कमी, तितकं चाक गाडीच्या अंगाबाहेर.

स्वस्तातल्या अलॉयवर ईटी पुष्कळदा लिहिलेला नसतो, आणि विकणाऱ्याला विचारलं तर "स्विफ्टला बसतं" एवढंच उत्तर मिळतं. मग स्वतः मोजा. चाकाची पुढची बाजू चादरीवर खाली करून ठेवा. वर आलेल्या मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजा. सात जे रिमची कडेपासून कडेपर्यंत प्रत्यक्ष रुंदी साधारण आठ इंच, म्हणजे २०३ मिमी भरते, कारण दोन्हीकडच्या ओठांची जाडी सात इंचात धरलेली नसते. त्याचं निम्मं झालं १०१.५. खोली १३६ ते १३७ मिमी आली तर ईटी ३५ च्या आसपास आहे. ११५ आली तर ईटी तेराच आहे, आणि तुमच्या त्रासाचं कारण टायर न बघताच सापडलं.

मूळ रिमवरही हेच आकडे वाचून घ्या. समजा ती ५.५ जे आणि ईटी ४५ निघाली. नवी ७ जे, ईटी ३५. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते, १९ बाहेर आणि १९ आत. ईटी दहाने कमी झाला म्हणून अख्खं चाक दहा मिमी बाहेर सरकलं. एकूण हिशेब: बाहेरची कड २९ मिमी बाहेर आली, आतली कड ९ मिमी आत गेली. जवळजवळ तीन सेंटिमीटर! टायर अजून मध्ये आलेलाच नाही. हीच रिम ईटी ४५ ची घेतली असती तर बाहेर १९ आणि आत १९ झालं असतं. बाहेर घासलं नसतं कदाचित, पण आत स्ट्रटजवळ (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याजवळ) जागा आहे का, हे बघावं लागलं असतं.

बारीक टायर टाकून का भागत नाही

टायरवर १९५ लिहिलंय म्हणजे तो कुठल्याही रिमवर १९५ मिमी रुंदच बसेल असं नाही. ते नावापुरतं माप आहे, प्रत्यक्ष रुंदी प्रत्येक मापासाठी एक ठरावीक रिम धरून मोजतात. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायरचं पोट साधारण पाच मिमीने ताणलं जातं. २०५/५० आर१६ हा टायर साडेसहा इंच रिमवर मोजतात आणि तो २१४ भरतो, तेव्हा सात जे वर तो सुमारे २१९ होतो. १९५/५५ आर१६ सहा इंचावर मोजतात आणि तो २०१ भरतो, म्हणून सात जे वर तो २११ च्या जवळ जातो. म्हणजे २०५ काढून १९५ टाकला तर फरक पडला आठ मिमी, प्रत्येक बाजूला चार. तिकडे ईटीमुळे चाक दहा मिमी बाहेर आलंय. चार मिमीने त्याची भरपाई कशी होणार?

१५×७ जे अलॉयवर कंपनीचा १८५/६५ आर१५ तसाच चढवला तर काय होतं, हा प्रश्नही नेहमीचा. चढतो, हे खरं. मशीनवर हवेचा दाब दिला की फटकन बसतो. पण हा टायर साडेपाच इंचावर मोजलेला, तिथे तो १८९ भरतो. सात जे वर तो ताणून २०४ च्या आसपास जातो, आणि रिम स्वतः २०३ आहे. म्हणजे रिमची कड झाकायला टायर जवळजवळ उरतच नाही. फुटपाथला ती सहज लागणार. १८५/६५ साठी मान्य रिम रुंदी ५ ते ६.५ इंच आहे. सात जे त्या कक्षेत बसत नाही.

ताणलेल्या टायरचा खांदा आतल्या बाजूला झुकतो आणि त्यामुळे तो कमानीच्या ओठाखाली सुटतो, हेही खोटं नाही. म्हणून तर काही लोक मुद्दाम ताणतात. पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तिरपी झाली की खड्ड्याचा दणका झेलायला तिच्यात लवचीकपणा उरत नाही, हवा थोडी कमी असताना वळणावर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो, आणि रिमची उघडी कड वाकते. शोमध्ये उभ्या करायच्या गाडीचं ठीक आहे. ज्या गाडीतून गणपतीला कुटुंब घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने जायचंय, तिला ताणलेला टायर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग माप कसं काढायचं

टायरने तीन अटी एकाच वेळी पाळायला हव्यात. एकूण व्यास मूळ टायरच्या जवळ हवा, रिमची रुंदी त्या टायरच्या मान्य कक्षेत हवी, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको.

व्यासाचं गणित कागदावर होतं. १८५/६५ आर१५ मध्ये ६५ म्हणजे साइडवॉलची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. १८५ चे ६५ टक्के १२०.२५. ती वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट करून २४०.५. रिम १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिमी. खालच्या व्हेरिएंटच्या १६५/८० आर१४ ची बेरीज करून बघा, ६१९.६ येते. दोन वेगळी मापं, पण कंपनीने व्यास जवळजवळ एकच ठेवलाय. आपणही तेच करायचं.

सोळा इंचात १९५/५५ ची बेरीज ६२०.९, फरक नगण्य. २०५/५० ची ६११.४, म्हणजे १.६ टक्के लहान. २०५/५५ ची ६३१.९, १.७ टक्के मोठा. १९५/५० ची ६०१.४, तब्बल ३.२ टक्के लहान. पंधरा इंचात १९५/६० आर१५ एक टक्का लहान (६१५), २०५/६० आर१५ जवळजवळ एक टक्का मोठा (६२७). आणि ज्याचा मोह फार होतो तो २०५/६५ आर१५ थेट ६४७.५, म्हणजे ४.२ टक्के मोठा. मी वर-खाली दोन टक्क्यांच्या आत राहतो. तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं सर्रास सांगितलं जातं, पण लहान गाडीच्या कमानीत तेवढी जागा नसते.

आता रिमची कक्षा. १९५/५५ आर१६ आणि १९५/६० आर१५, दोन्ही साडेपाच ते सात इंच. २०५/५० आर१६, २०५/५५ आर१६ आणि २०५/६० आर१५, तिन्ही साडेपाच ते साडेसात. म्हणजे सात जे वर १९५ अगदी कक्षेच्या टोकावर बसतो, पण नियमात बसतो. २०५ आरामात बसतो.

लोड इंडेक्सकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. १८५/६५ आर१५ वर मापाच्या पुढे ८८ असतं, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. १६५/८० आर१४ वर ८५, म्हणजे ५१५ किलो. १९५/५५ आर१६ साधारण ८७ मध्ये येतो, ५४५ किलो. खालच्या व्हेरिएंटच्या मालकाला हा पुरून उरतो. झेडएक्सआयवाल्याला एक पायरी कमी पडतो. हाच टायर एक्स्ट्रा लोड प्रकारात ९१ चा, ६१५ किलोचा मिळतो, तो शोधावा. १९५/५० आर१६ मध्ये ८४ असतं, ५०० किलो. हा दोन्ही व्हेरिएंटना कमी पडतो, आणि व्यासातही नापास झालाच आहे. तरी दुकानात स्पोर्टी म्हणून हाच पुढे केला जातो. आकड्यामागचं अक्षर वेगाचं असतं. एस म्हणजे १८० पर्यंत, टी १९०, एच २१०. त्यातही मूळ टायरच्या खाली उतरू नका.

या सगळ्याचा माझा निष्कर्ष असा. १६×७ जे रिम घेऊन झालीच असेल तर १९५/५५ आर१६, ९१ लोडचा. तो मिळत नसेल तर २०५/५० आर१६, तोही लोड बघून. २०५/५५ नको, कारण तो उंच आहे आणि पुढच्या लायनरला घासायची शक्यता त्याचीच जास्त. १५×७ जे असेल तर १९५/६० आर१५. रिम अजून घ्यायची असेल तर सात जे च्या नादीच लागू नका. १६×६.५ जे आणि ईटी ४० ते ४५ घ्या. १९५/५५ त्यावर छान बसतो आणि वर लिहिलेल्या निम्म्या कटकटी येतच नाहीत.

आठ जे रिमवर स्विफ्टसाठी कुठला टायर, असंही विचारलं जातं. पंधरा इंचात आठ जे वर नियमात बसणारा २२५/५० आर१५ आहे. त्याचा व्यास ६०६, अडीच टक्के लहान, आणि कमानीत तो मावणार नाही. २०५/६० ची कक्षा साडेसातला संपते. म्हणजे या गाडीच्या आठ जे ला योग्य टायर नाही. विकत घेतली असेल तर परत करता येते का ते बघा.

घासल्याची खूण कुठे आहे, त्यावरून कारण

टायर लागलेला असेल आणि घासत असेल तर अंदाज बांधत बसू नका, खूण शोधा. टायरच्या खांद्यावर, आतून आणि बाहेरून, खडू जाड फासा. मागे तिघं बसवा, डिकीत दोन पाण्याचे कॅन ठेवा आणि कॉलनीतल्या स्पीड ब्रेकरवरून हळू दोन-तीनदा न्या. मग मोकळ्या जागेत दोन्हीकडे फुल स्टिअरिंग मारून पुढे-मागे करा. खडू जिथून पुसला गेला ती जागा, आणि कमानीत जिथे पांढरा लागला ती जागा, दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढा. लायनर जुना असेल तर खडूचीही गरज पडत नाही. धुळकट काळ्या प्लास्टिकवर एक चकचकीत पट्टा उमटलेला असतो आणि तिथल्या क्लिपचं डोकं झिजून सपाट झालेलं असतं.

खूण मागच्या कमानीच्या बाहेरच्या ओठावर असेल तर चाक फार बाहेर आलंय. ईटी कमी आहे किंवा रिम रुंद आहे. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम आहे. त्यात वजन पडलं की चाक जवळजवळ सरळ वर जातं. काही गाड्यांच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर जाताना माथ्याकडून थोडं आत झुकतं आणि कमानीत शिरतं, ती सवलत इथे नाही. म्हणून दुसऱ्या कुठल्या गाडीवर ईटी ३० चाललं, हा पुरावा इथे चालत नाही. उपाय म्हणजे जास्त ईटीची रिम. फेंडरचा ओठ गरम करून आत वळवून देणारे मिळतात, पण वळवताना रंगाला भेग गेली की गंज तिथूनच सुरू होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर हा उपाय मी सुचवणार नाही.

खूण पुढे, फुल स्टिअरिंगला, लायनरच्या मागच्या किंवा पुढच्या भिंतीवर असेल तर दोन शक्यता. टायरचा व्यास मोठा आहे, किंवा ईटी कमी असल्याने चाक वळताना मोठा घेर घेतंय. व्यासाचं गणित दोन टक्क्यांच्या आत असेल तर दोष ईटीचा. लायनर नुसता सैल होऊन पुढे आलेला असणं हीही नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः गाडीचा बंपर आधी कधी ठोकला गेला असेल तर. दोन क्लिप बदलून प्रश्न सुटला तर उत्तमच.

खूण टायरच्या आतल्या बाजूला असेल तर मात्र गाडी चालवणं थांबवा. टायर किंवा रिम स्ट्रटला, स्प्रिंगच्या बैठकीला किंवा ब्रेकच्या होजला लागतेय. आतली साइडवॉल दिसत नाही, त्यामुळे ती कापली जाऊन टायर फुटेपर्यंत पत्ता लागत नाही. इथे ईटी जास्त आहे किंवा रिम रुंद आहे. अशा वेळी स्पेसर सुचवला जातो. नुसता मधे सरकवायचा पातळ स्पेसर लावला की नट आधीपेक्षा कमी आट्यांवर धरतो. स्पेसर लावायचाच झाला तर हबवर नीट बसणारा आणि स्वतःच्या बोल्टने आवळला जाणारा लावा. तसे स्पेसर जाड असतात, आणि चाक तेवढंच बाहेर येऊन पुन्हा मागच्या कमानीचा प्रश्न उभा राहतो. सरळ योग्य ईटीची रिम बघावी.

आवाज धातूचा, एकसुरी आणि गाडी सरळ चालतानाही येत असेल तर टायर निर्दोष आहे. स्पोक ब्रेकच्या कॅलिपरला लागतोय.

थरथर ही वेगळीच भानगड

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं की बॅलन्सिंग, अलाइनमेंट, पुन्हा बॅलन्सिंग असा फेरा सुरू होतो. त्याआधी चाकाचं मधलं भोक बघा. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी. बाजारातलं अलॉय अनेक गाड्यांना बसावं म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१ वगैरे. मग चाक हबवर टेकून मध्यावर येत नाही, फक्त नटांच्या भरवशावर राहतं. नट कमी-जास्त आवळले गेले की चाक केसभर एका बाजूला बसतं, आणि बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवणारं चाक रस्त्यावर थरथरतं. हब रिंग नावाची प्लास्टिकची किंवा अल्युमिनियमची कडी यासाठीच मिळते. बाहेरचा व्यास अलॉयच्या भोकाएवढा, आतला ५४.१. चार कड्यांची किंमत एका टायरच्या तुलनेत काहीच नाही.

नट आवळताना गाडी जॅकवर असतानाच, समोरासमोरच्या क्रमाने, हाताने लावा. मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. एअर गनने एकेक नट गच्च करत जाणाऱ्याला तिथेच थांबवा. तो चिडेल, चिडू दे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. मारुतीचे नट १.२५ च्या आट्यांचे आहेत, ह्युंदाईचे १.५ चे. दोन्ही बारा मिमीचे, त्यामुळे दुकानात अदलाबदल होते. नट हाताने तीन-चार फेरे सहज फिरला नाही तर तो तुमच्या गाडीचा नाही. जबरदस्तीने आवळला की स्टडच्या आट्या गेल्या.

मायलेज आणि मीटर

टायरचा व्यास बदलला की मीटरही चुकीचं बोलतं. ४.२ टक्के मोठ्या २०५/६५ वर मीटर मूळ टायरच्या हिशेबानेच मोजत राहतं, त्यामुळे मूळ टायरवर जितक्या काट्याला खरोखर शंभरचा वेग असायचा, त्याच काट्याला आता तो १०४ असतो. ओडोमीटर मात्र तेवढंच अंतर कमी मोजतो. म्हणून टाकी फुल करून काढलेलं मायलेज चार टक्क्यांनी पडलेलं दिसतं, प्रत्यक्षात पेट्रोल तेवढंच लागलं तरी. उलट १९५/५० टाकणारा "मायलेज वाढलं" म्हणून खूश असतो. त्याचा ओडोमीटर तीन टक्के जास्त मोजतोय, आणि गाडी एक सेंटिमीटर खाली बसलीय, ती गोष्ट वेगळीच. मायलेजची खरी तुलना करायची असेल तर अंतर फोनच्या जीपीएसवर मोजा. त्यानंतरही जी घट राहील, ती जड चाक आणि रुंद टायर यांची.

खड्डा आणि हवा

कंपनीच्या १८५/६५ मध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १२० मिमी रबर आहे. १९५/५५ मध्ये १०७. २०५/५० मध्ये १०२. सतरा इंचाच्या २०५/४५ मध्ये ९२. व्यास ६१६ येतो, कागदावर तो टायर पास होतो, दिसतोही देखणा. पण ते २८ मिमी रबर कमी झालं, त्याची किंमत जुलै-ऑगस्टमध्ये कळते. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कोणाला दिसते? फुगा येणं म्हणजे साइडवॉलच्या आतले धागे तुटणं, त्याला दुरुस्ती नाही. फुगा आलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

राइड कडक वाटते म्हणून हवा कमी ठेवणं हा त्यातला आणखी एक घोळ. साइडवॉल छोटी झाली की हवा कमी ठेवायला वावच उरत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा किमान धरा. एक्स्ट्रा लोड टायरला तेवढंच वजन पेलायला साधारणपणे थोडी जास्त हवा लागते, तेव्हा त्याला दोन-तीन पीएसआय वर ठेवा. मोजायची ती सकाळी, टायर गार असताना.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली गाडीत मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. टायरच्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित माप म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप. स्विफ्ट व्हीएक्सआयवर १५ इंची रिम आणि १८५/६५ टाकणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही: घासणं नाही, मीटरचा घोळ नाही. खरं सांगायचं तर दहातल्या सात जणांना हेच पुरेसं आहे. त्यापलीकडे जायचं तर चाक फेंडरच्या बाहेर दिसता कामा नये. ते रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसालाही दिसतं आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरलाही. अलॉयची नोंद पॉलिसीत करून घ्या, हप्ता थोडा वाढेल.

टायर घेताना शेवटची नजर

वेगळ्या मापाचा माल दुकानात हळू जातो, त्यामुळे जुना स्टॉक गळ्यात मारला जाण्याचा धोका इथे जास्त. साइडवॉलवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आकडे स्वतः वाका आणि वाचा. हा आकडा टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी बघा, नंतर तो आत जाऊन बसतो. चारही एकाच मापाचे घ्या. पुढे रुंद, मागे जुने असा जुगाड करू नका. एबीएस चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतं.

स्टेपनी कंपनीचीच राहिली तरी चालते, व्यास जुळत असेल तर. अडतं ते नटांवर. बाजारातल्या बऱ्याच अलॉयची नटांची भोकं अरुंद असतात, म्हणून त्यांना बारीक डोक्याचे वेगळे नट आणि ते फिरवायला वेगळी चावी येते. ती चावी दुकानातच राहते, किंवा अलॉयच्या खोक्याबरोबर माळ्यावर जाते. मग रात्री खंबाटकीच्या पायथ्याला पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याकडचा कुठलाच पाना त्या नटाला लागत नाही. चावी आणि कंपनीचे सोळा जुने नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा. लोखंडी स्टेपनीला ते जुने नटच लागतील.